मिसरातले सोने आणि मराठी ओवी

फराळाच्या ताटाबरोबर हाती येणाऱ्या अंकात चौथ्या-पाचव्या शतकातल्या एका आफ्रिकी बिशपासाठी पाट मांडावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. पण हा पाहुणा वाटतो तितका परका नाही. 10 जानेवारी 2020 रोजी आमच्या धाराशिवात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. संमेलननगरीला नाव संत गोरोबा काकांचे होते आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान मिळावा याला काही जणांचा विरोध झाला. तरी संमेलन व्हायचे ते झालेच. 'सुबोध बायबल' मराठीत आणणारे फादर 25 जुलै 2024 रोजी निवर्तले. विरोधाचा गलबलाही आता विरला आहे. परंतु त्या गलबल्याच्या तळाशी एक खरा प्रश्न होता आणि तो मात्र विरलेला नाही. दुसऱ्याच्या देवघरातले शब्द आपल्या देवासाठी घ्यावेत काय? आणि घेतले, तर पुढे त्या शब्दांचे काय होते?

हा प्रश्न मराठीत 1616 साली फादर थॉमस स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'ने उभा केला. त्याच्याही सुमारे बाराशे वर्षे आधी तो हिप्पो नावाच्या बंदरगावच्या बिशपाने, ऑगस्टीनने, विचारला होता आणि त्याचे उत्तरही दिले होते. ते उत्तर हाती धरून ख्रिस्तपुराण वाचून पाहावे, असा या लेखाचा बेत आहे.

ऑगस्टीनचा जन्म 354 साली थागास्ते या गावी झाला. हे गाव आजच्या अल्जीरिया देशात येते. बाप पात्रिकियस जुन्या रोमन देवतांना मानणारा, तर आई मोनिका ख्रिस्ती. म्हणजे एका छपराखाली दोन देवघरांचा संसार. घरची मिळकत बेताची, पोर मात्र अतिशय हुशार. कार्थेजला शिकून तो वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक झाला. गावी, मग कार्थेजला, मग रोमला आणि 384 साली मिलानला त्याने शिकवले. रोमच्या विद्यार्थ्यांबद्दल त्याने एक तक्रार लिहून ठेवली आहे. फी देण्याचा दिवस जवळ आला की हे पठ्ठे घोळक्याने उठत आणि दुसऱ्या शिक्षकाकडे जाऊन बसत. शिकवणी करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना ही कला काही नवी वाटणार नाही! पुढे 387 मध्ये मिलानचा बिशप अँब्रोज याच्या हातून त्याने बाप्तिस्मा घेतला. 391 मध्ये हिप्पोच्या लोकांनी त्याला जवळजवळ धरूनच पुरोहित केले, आणि 395-96 च्या सुमारास तो तिथला बिशप झाला. त्यानंतर पस्तीस वर्षे तो त्याच गावी राहिला. उतारवयात त्याने आपल्याच पुस्तकांची झडती घेणारे एक पुस्तक लिहिले. त्यात मोजदाद आहे 93 ग्रंथांची, आणि पत्रे व प्रवचने त्याखेरीज.

यांतला सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे त्याचे आत्मनिवेदन. तेरा भागांचा हा ग्रंथ सबंध देवाला उद्देशून बोललेला आहे. वाचक बाजूला उभा राहून ऐकतो एवढेच. मराठी वाचकाला ही रीत अनोळखी नाही. शिऊरच्या बहिणाबाईंनी सतराव्या शतकात आपल्या जन्माची कहाणी, नवऱ्याचा मार आणि वासराच्या ओढीसकट, अशीच देवापुढे आणि गुरूपुढे मांडली आहे. ऑगस्टीन विद्वान खरा, पण त्याच्या ग्रंथात मला सर्वांत जिवंत वाटतात ती आईची पाने. त्यांतला एक प्रसंग आपल्या विषयाला फार जवळचा आहे.

आफ्रिकेत हुतात्म्यांच्या थडग्यांवर लापशी, भाकरी आणि द्राक्षारस नेण्याची चाल होती. उरुसाला मलिदा घेऊन निघालेल्या आपल्या बायका डोळ्यांपुढे आणाव्यात. मोनिका मिलानला आली आणि नेहमीप्रमाणे टोपली घेऊन निघाली, तर दारवानाने तिला अडवले. बिशप अँब्रोजने ही चाल बंद केली होती, कारण ती जुन्या धर्मातल्या पितरांच्या सणासारखी दिसे. मोनिका निमूटपणे परतली. मुलगा लिहितो ते मार्मिक आहे. अँब्रोजवर आईचा जीव होता म्हणून तिने ते ऐकले. दुसऱ्या कोणी बंदी घातली असती तर तिने इतक्या सहज सोडले असते असे वाटत नाही. जुनी चाल लोक युक्तिवादाने सोडत नाहीत, माणसावरच्या विश्वासाने सोडतात, हे त्या तरुण प्राध्यापकाने आईच्या टोपलीकडे पाहून ओळखले होते. पुढे बिशप झाल्यावर हे ज्ञान त्याने कधी जपले आणि कधी बाजूला ठेवले. त्याच्या विचाराचा खरा अभ्यास या दोन्हींचा करावा लागतो.

जपले कुठे, ते आधी पाहू. सन 400 च्या आसपास कार्थेजच्या देओग्रातियस नावाच्या सेवकाने त्याला पत्र लिहिले. नवशिक्यांना धर्म शिकवताना तेच ते सांगून मला कंटाळा येतो, बोलणे निर्जीव होते, काय करू? ऑगस्टीनने उत्तरादाखल एक पुस्तकच लिहिले. शिक्षणशास्त्राच्या नावाने आम्हा शिक्षकांना पुष्कळ काही वाचावे लागते; त्या ढिगात हे पुस्तक कोणी का घालत नाही, कळत नाही. तो म्हणतो, समोरचा कोण आहे ते आधी बघा. शिकलेला असेल तर त्याने काय वाचले आहे ते विचारा. व्याकरण-वक्तृत्वाच्या शाळेतून आला असेल, तर धर्मगुरूच्या तोंडून एखादा अशुद्ध शब्द निघाला म्हणून हसू नये, एवढे त्याला शिकवा. ऐकणारा जांभया देऊ लागला तर काही गमतीचे सांगा, नाहीतर त्याला बसायला द्या. बिचारा उभा राहून दमला असेल. आणि कंटाळ्यावरचा उपाय? पाहुणा आला म्हणजे आपण त्याला आपले गाव दाखवायला नेतो. रोज ज्या देखाव्यावरून आपण न बघता जातो, तोच पाहुण्याच्या डोळ्यांनी आपल्याला पुन्हा नवा दिसतो. शिकवणेही तसेच.

याच पुस्तकात त्याने धर्म शिकवण्याचा क्रमही सांगितला आहे. सूत्रे आणि सिद्धांत आधी नकोत. आधी गोष्ट सांगा. देवाने आकाश-पृथ्वी निर्माण केली तिथपासून सुरुवात करा, मोठमोठे टप्पे घेत ख्रिस्तापर्यंत या, आणि तिथून आजपर्यंत. ज्याने ख्रिस्तपुराण उघडले आहे त्याला हा आराखडा ताबडतोब ओळखू येईल. 'पहिले पुराण' सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघते आणि तारकाची वाट पाहणाऱ्या लोकांची कथा सांगते. 'दुसरे पुराण' ख्रिस्ताचे चरित्र गाते. आपल्या पुराणांची सुरुवातही सर्गापासूनच होते. हिप्पोच्या बिशपाचा पाठ आणि आपल्या पुराणिकाची बैठक ही दोन्ही एकाच जागी येऊन भेटली आहेत.

ऑगस्टीनने स्वतःही एक ओवी लिहिली होती, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. आफ्रिकेतील ख्रिस्ती समाज तेव्हा दुभंगलेला होता. एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला दोनातपंथी. 393-94 च्या सुमारास ऑगस्टीनने दोनातपंथीयांविरुद्ध एक गीत रचले. ते अभिजात लॅटिन वृत्तांत नाही. प्रत्येक कडव्याचा आरंभ वर्णमालेतल्या क्रमाच्या अक्षराने, मधूनमधून धृपद, आणि बोली साधी. अडाण्यातल्या अडाण्याला हे पाठ व्हावे, आणि वृत्ताच्या अडचणीने लोकांना न कळणारा शब्द घालण्याची पाळी येऊ नये, म्हणून मी वृत्त टाळले, असा खुलासा त्याने पुढे केला आहे. व्हर्जिल मुखोद्गत असलेला वक्तृत्वाचा आचार्य हे करतो, ही गोष्ट लहान नव्हे. ज्ञानेश्वरांपासून एकनाथांपर्यंत आपल्याकडे जे झाले त्याच्याशी तिचे नाते आहे. फरक असा की, आपल्या संतांनी ओवी घेतली ती अर्थ दारोदार पोचवण्यासाठी, आणि बिशपाचे हे गीत होते प्रतिपक्षाला हरवण्यासाठी. गाणे सोपे केले की ते शस्त्र म्हणूनही सोपे होते.

आता सोन्याकडे येतो. 396-97 मध्ये लिहायला घेतलेला आणि तीस वर्षांनी पुरा केलेला त्याचा ख्रिस्ती शिकवणुकीवरचा एक ग्रंथ आहे. त्यात तो विचारतो, ज्या विद्या, जे तत्त्वज्ञान मूर्तिपूजकांनी घडवले, ते ख्रिस्ती माणसाने टाकून द्यायचे काय? आणि बायबलातल्या एका कथेने उत्तर देतो. इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून निघाले तेव्हा त्यांनी तिथल्या लोकांकडून सोन्यारुप्याची भांडी, दागिने आणि वस्त्रे घेतली. मूर्ती तिथेच सोडल्या, सोने तेवढे घेतले. त्याचप्रमाणे प्लेटोच्या अनुयायांजवळ जे खरे आहे ते आपल्या उपयोगासाठी खुशाल घ्यावे. सत्य कोठेही सापडले तरी ते देवाचेच. एवढ्यावर न थांबता, आपल्या आधीचे कोणकोण थोर ख्रिस्ती लेखक मिसरातून सोन्याने लादून निघाले, त्यांची नावेही तो देतो.

दृष्टांत मोठा देखणा आहे. शेकडो वर्षे ख्रिस्ती विद्वान त्याच्यावर जगले. स्टीफन्सचा प्रयत्नही त्यानेच समजावून देता येईल असे प्रथम वाटते. हा इंग्रज जेझुइट 1579 च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला. त्याच सुमारास एकनाथांचे भागवत पुरे होऊन सहा वर्षे झाली होती. 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, तो मुख्यतः सासष्टीत वावरला. 1583 साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नोंदले आहे. कोकणीचे त्याने लिहिलेले व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापले गेले. आणि ख्रिस्तपुराण तर सुमारे 11,000 ओव्यांचे, 1616 साली रायतूरला रोमन लिपीत छापलेले. आमच्या मराठवाड्याच्या हिशेबाने सांगायचे तर, अंबाजोगाईचे दासोपंत देह ठेवत होते त्याच सुमाराला हे पुराण छापखान्यातून बाहेर पडत होते. त्यात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले आहे, देवाला 'परमेश्वर', धर्मोपदेशकाला 'पाद्री गुरू', आणि कुमारी मरियेला 'अंकुवारी' असे गोड नाव आहे. आरंभी नमन आहे. म्हणजे मूर्ती सोडली आणि सोने घेतले!

परंतु इथेच माझे ऑगस्टीनशी पटेनासे होते. सोने वितळले की जुना दागिना कसा होता ते विसरून जाते. शब्दाला असा विसर पडत नाही. 'वैकुंठ' म्हटले की मराठी माणसाच्या कानात पंढरीच्या टाळांचा नाद आपोआप येतो. कवीने कितीही वेगळा अर्थ बजावून सांगितला तरी तो नाद थांबत नाही. स्टीफन्सला हे जाणवत असावे असे मला वाटते, कारण सगळेच शब्द त्याने घेतलेले नाहीत. पवित्र आत्म्याला त्याने मराठी नाव न घडवता चर्चमधले परकेच नाव ठेवले. जिथे नाद सिद्धांताला झाकून टाकील अशी भीती, तिथे परका शब्द; जिथे नाद कामाला येईल, तिथे मराठी. गंमत अशी की, लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात या पुराणाचे जे देवनागरी हस्तलिखित आहे, त्यात अशा कित्येक परक्या शब्दांच्या ठिकाणी संस्कृत वळणाचे शब्द आलेले आहेत. कवीने जी दारे लावून ठेवली होती, ती कोणा लेखनिकाने उघडली. मराठीने पाद्रीला आपल्या वळणावर नेले ते असे.

स्टीफन्सच्या मराठीप्रेमाची चर्चा आपल्याकडे चार-दोन ओव्यांवरच थांबते. दगडांत रत्न, फुलांत मोगरा, परिमळांत कस्तुरी तशी भाषांत मराठी, ही ती स्तुती. मराठी दिनाच्या फलकावर ती दरसाल लिहिली जाते, आणि फलक पुसला की पुराणही पुसले जाते. ही स्तुती सुंदर आहे यात वाद नाही. पण अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाला भाषेचे प्रशस्तिपत्र एवढीच किंमत देणे हा एक प्रकारचा अनादर आहे. तिथून चार पावलेच पुढे गेले की त्याच पहिल्या अवस्वरूत याहून कितीतरी महत्त्वाचा प्रसंग येतो.

एक ब्राह्मण उठतो. तो बाप्तिस्मा घेतलेला आहे. पाद्री गुरूला तो नम्रपणे विचारतो, की तुम्ही आम्हांला प्रार्थना आणि धर्मसूत्रे शिकवलीत ते ठीक. पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? सारे ख्रिस्तपुराण या विनंतीचे उत्तर आहे. ग्रंथभर ही माणसे अधूनमधून शंका विचारतात आणि गुरू निरसन करतो. देवाने माणसाला पाप करण्याची मोकळीक तरी का दिली, हा ऑगस्टीनला जन्मभर छळणारा प्रश्नसुद्धा या बैठकीत येतो. वक्ता-श्रोत्यांची ही योजना आपल्या पुराणांचीच. पण या श्रोत्याच्या पहिल्या वाक्यात जो रिकामेपणा आहे, तो आपल्या कोणत्याही पुराणातल्या श्रोत्याला ठाऊक नव्हता. शौनक सूताला प्रश्न विचारतो तेव्हा शौनकाच्या घरच्या पोथ्या कोणी नेलेल्या नसतात.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. तेर म्हणजे गोरोबा काकांचे गाव आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे तगर. त्या काळी रोमशी व्यापार करणाऱ्या या नगरीतल्या मृण्मूर्ती पाहाव्यात. दोन साच्यांत माती दाबून मूर्ती घडवायची ती रीत रोमन संपर्काने आली, असे जाणकार मानतात. साचा परका, माती तेरणेकाठची, आणि मूर्तीचा चेहरा बघावा तर आपल्याच गल्लीतला. शब्दाला दृष्टांत द्यायचा तर मला सोन्यापेक्षा ही माती जवळची वाटते. तिच्यावर बोटांचे ठसे राहतात. पण मुद्दा निराळाच आहे. तेरच्या कुंभाराला हा साचा घेच म्हणून कोणी दटावले नव्हते.

सासष्टीत दटावले होते. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. 1567 मध्ये सासष्टीतली शेकडो देवळे पाडली गेली. 25 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. या दोन्ही बाजूंच्या रक्ताच्या आणि राखेच्या मधोमध बसून स्टीफन्स ओव्या रचीत होता. आणि या दटावणीचे मूळ शोधू गेले, तर आपण पुन्हा हिप्पोच्या बिशपाच्याच दाराशी येतो.

ऑगस्टीन आरंभी जुलमाच्या विरुद्ध होता. वाद करावा, पटवून द्यावे, सक्ती केली तर ढोंगी ख्रिस्ती तयार होतील, असे त्याचे मत होते. मग 405 मध्ये सम्राटाचे कायदे दोनातपंथीयांवर आले आणि लोक धडाधड परत येऊ लागले. 408 च्या सुमाराला विन्सेंतियस नावाच्या बिशपाला लिहिलेल्या पत्रात तो आपले बदललेले मत सांगतो, आणि पुरावा म्हणून स्वतःच्या जन्मगावाचे उदाहरण देतो. अख्खे थागास्ते एके काळी दोनातपंथी होते. कायद्याच्या धाकाने ते कॅथलिक झाले, आणि आता तर तिथे जुन्या पंथाचा मागमूस नाही. लूकच्या शुभवर्तमानात मेजवानीची गोष्ट आहे. तिथला यजमान नोकराला म्हणतो, की लोकांना आग्रह करून आत आण. त्यातल्या आग्रहाला ऑगस्टीनने सक्तीचा अर्थ दिला. तो क्रूर नव्हता. दोनातपंथीयांना देहान्ताची शिक्षा देऊ नका, म्हणून त्याने अधिकाऱ्यांना कळकळीची पत्रे लिहिली आहेत. पण दार त्याने उघडले, आणि पुढे त्या दारातून जे गेले त्यांच्याजवळ त्याचा हळवेपणा असेलच असे नव्हते.

अँब्रोजच्या जागी दुसरा कोणी असता तर आईने ऐकले नसते, असे लिहिणारा हाच माणूस. थागास्ते धाकाने सुधारले म्हणून समाधान मानणाराही हाच. मोनिकेच्या टोपलीचे जेवढे बारकाईने निरीक्षण त्याने केले, तेवढे आपल्या गावातल्या एखाद्या दोनातपंथी म्हातारीचे केले असते, तर ते पत्र तसे लिहिले गेले असते काय? ऑगस्टीनच्या मोठेपणावर मला जो डाग दिसतो तो हा. सिद्धांत चुकला असे म्हणून भागत नाही. कादंबरीकाराची जी नजर त्याला उपजत होती, ती त्याने इथे मिटून घेतली.

आधुनिक अभ्यासकांनी या दोन ऑगस्टीनांचा मेळ घालण्याची पुष्कळ खटपट केली आहे. पीटर ब्राऊन याचे 1967 मध्ये आलेले चरित्र त्यांत अग्रगण्य. त्यानंतर दोन मोठे शोध लागले. योहानेस दिव्याक याला ऑगस्टीनची अज्ञात पत्रे सापडली, ती 1981 मध्ये प्रसिद्ध झाली. आणि 1990 मध्ये फ्रांस्वा दोल्बो याला जर्मनीतल्या माइंट्स येथील हस्तलिखितात अज्ञात प्रवचने मिळाली. यांतला म्हातारा बिशप गुलाम म्हणून पळवलेल्या माणसांसाठी धडपडतो, श्रोत्यांच्या गडबडीत प्रवचन सावरतो, आणि फुसाला नावाच्या खेड्यात नेमलेल्या एका बिशपाच्या भानगडी निस्तरतो. तिथले लोक प्यूनिक ही जुनी स्थानिक भाषा बोलत, म्हणून ती जाणणारा तरुण शोधून त्याने नेमला, आणि त्या दिवट्याने गावच लुबाडले! ब्राऊनने 2000 सालच्या आवृत्तीत प्रांजळपणे नमूद केले, की तरुणपणी रंगवलेला आपला ऑगस्टीन जरा अधिकच कठोर उतरला होता. नव्या कागदांतला माणूस अधिक सोशीक आहे. संशोधकाने तेहतीस वर्षांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकाला असे पुरवणी पान जोडावे, ही विद्येची शोभा होय.

ख्रिस्तपुराणाच्या अभ्यासाची कहाणी इतकी भाग्यवान नाही. 1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवरच फर्मान काढले. पुराण जगले ते हस्तलिखितांत, विशेषतः मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत. तिथेच 1907 मध्ये सालढाणा यांनी ते रोमन लिपीत पुन्हा छापले. लंडनचे देवनागरी हस्तलिखित उजेडात आणले ते जस्टिन अ‍ॅबट यांनी; बहिणाबाईंचे आत्मनिवेदन इंग्रजीत नेणारे मिशनरी तेच. पुण्याला शांताराम बंडेलू यांनी 1956 मध्ये देवनागरी आवृत्ती काढली. म्हणजे मराठी ओवीला मराठी लिपीत छापून निघायला 340 वर्षे लागली. 1996 मध्ये कारिदाद द्रागो यांची आवृत्ती आली, आणि 2009 मध्ये फादर नेल्सन फलकाव यांनी मराठी गद्य अनुवादासह संहिता दिली. फलकाव यांचा त्याआधीचा प्रबंध हे पुराण ख्रिस्ती आणि हिंदू परंपरांची भेट म्हणून वाचतो. त्यांचे कष्ट आणि शब्दाशब्दाची छाननी यांपुढे मान लवते. तरीही 'भेट' या शब्दाशी मी अडतो. भेटीला दोघे आपापल्या घरून यावे लागतात. इथल्या एकाच्या घरातल्या पोथ्या आधीच जप्त झालेल्या आहेत. दुसरीकडे, हे पुराण म्हणजे केवळ धर्मांतराचे हत्यार, असे म्हणून ते न उघडताच बाजूला सारणारेही आहेत. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की त्या ब्राह्मणाचा प्रश्न ग्रंथाच्या तोंडाशी लिहून ठेवण्याची सक्ती कवीवर कोणी केली होती? प्रस्तावनेत तो गाळता आला असता. आपल्या राज्यकर्त्यांनी लोकांचे काय काढून घेतले, ते स्टीफन्सने पहिल्याच अवस्वरूत त्या लोकांच्याच तोंडून नोंदवले. थागास्तेबद्दल लिहिताना ऑगस्टीनला हे साधले नव्हते.

काव्य म्हणून ख्रिस्तपुराण सर्वत्र सारखे उंच नाही, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या पुराणात गुरू फार बोलतो. शंकानिरसनाच्या ओव्या कित्येक ठिकाणी पाठ घेतल्यासारख्या होतात, आणि तिथे देओग्रातियसच्या श्रोत्याप्रमाणे वाचकालाही जांभई येते. दुसऱ्या पुराणात मात्र कथा हाती लागते आणि कवी सैलावतो. विशेषतः आई आणि मूल यांच्याविषयी लिहिताना त्याची ओवी शिकवणे विसरून जाते. क्रुसापाशी उभ्या असलेल्या मरियेजवळ ती पोचते, तेव्हा वैकुंठ शब्द कोणाचा आणि साचा कुठला हे विचारण्याचे भान वाचकाला राहत नाही.

ज्यांना सुट्टीत हे पुराण चाळायचे असेल त्यांनी पहिल्या अवस्वरूतला तो ब्राह्मणाचा प्रश्न तेवढा आधी वाचावा, मग सरळ दुसऱ्या पुराणावर जावे, आणि उरलेले सवडीने. भाषा चारशे वर्षांपूर्वीची असली आणि मध्येच कोकणी शब्द येत असले, तरी मोठ्याने वाचल्यास निम्मी अडचण दूर होते. घरात ज्ञानेश्वरी किंवा एकनाथी भागवत वाचलेली एखादी आजी असेल तर तिला शेजारी बसवावे. ज्या शब्दाला आपण अडतो, तो ती बहुधा ओळखीचा म्हणून सांगेल.